कपाटाच्या दाराची गिटार

६ फेब्रुवारी, सकाळी
सौ. आज धाकट्या बहिणीकडे गेली. हवापालटासाठी. दोन बॅगा आणि शिलाई मशीन. हवापालटाला शिलाई मशीन कशाला, असं विचारणार होतो, पण टेबलफॅनची मोटर उघडून बसलो होतो, मान वर केली असती तर स्प्रिंग उडाली असती. दारातून म्हणाली, निघते. मी म्हणालो, बरं. तरी बराच वेळ दारातच उभी. बस चुकेल, अशी शेवटी मीच आठवण करून दिली. माझं लक्ष असतं सगळीकडे.

संध्याकाळी
घर शांत. फारच छान. कलावंताला एकांत लागतो. फक्त कला कोणती ते ठरायचंय.

७ फेब्रुवारी
ठरलं. गिटार! इलेक्ट्रिक. तीही लाकडाची नाही, लाकडाची कोणीही सोम्यागोम्या करेल. पत्र्याची. एका दाढीवाल्याने केलेली व्हिडिओत पाहिली. त्याला जमतं, तर ज्याने उभा जन्म स्टीलच्या कपाटांच्या कारखान्यात क्वालिटी तपासण्यात घालवला त्याला का नाही जमणार?
सौ. परत यायच्या आत तयार झाली पाहिजे. ती दारात पाऊल टाकेल आणि मी वाजवायला सुरुवात करीन. कोणतं गाणं, ते नंतर बघू. वाजवायला शिकायचंय, तेही नंतर.
सौ.चं म्हणणं असतं की या घरात मी सुरू केलेली एकही गोष्ट पुरी होत नाही. बाल्कनीतल्या दुर्बिणीकडे बोट दाखवते. दुर्बीण फक्त आरशापायी अडली आहे. बाकी पूर्ण आहे.

९ फेब्रुवारी
कारखान्यातल्या भंगारात पत्रा शोधला. हल्लीचा पत्रा म्हणजे कागद. आमचा वेल्डर, ज्याला सगळे ठिणगी म्हणतात, हसून म्हणाला की साहेब, याची गिटार नाही, फार तर डबा होईल. वर विचारलं की वहिनी काय म्हणतात? म्हटलं, वहिनी परगावी आहेत. तो म्हणाला, तरीच.
याचा अर्थ कळला नाही. विचारलाही नाही.

१० फेब्रुवारी
पत्रा सापडला. घरातच होता! सौ.चं कपाट. लग्नाच्या वर्षी आमच्याच कारखान्यातून घेतलेलं. त्या वेळचा पत्रा म्हणजे पत्रा. आत अजून माझ्याच हाताने लावलेलं ‘पास’चं स्टिकर आहे. डाव्या दारावर टिचकी मारून पाहिली. काय नाद!
कपाटाला दारं दोन. माणूस उघडतो एका वेळी एक. म्हणजे दुसरं दार तसं जादाचंच.
सौ.ला फोन करून विचारावं असं मनात आलं. पण मग सरप्राइज कसलं?

११ फेब्रुवारी
दार काढलं. बिजागरीने जरा त्रास दिला, अंगठ्याला पट्टी. आतले कप्पे जवळपास रिकामे. सौ.ने कपडे जरा जास्तच नेलेत. बरंच झालं, दाराशिवाय धूळ बसली असती.

१४ फेब्रुवारी
आकार कापला. हाताने, करवतीने आणि कानशीने. दाराला एका कोपऱ्यात पोचा होता. या घरात राहायला आलो तेव्हा जिन्याच्या वळणावर कपाट माझ्या हातून निसटलं होतं त्याचा. सौ. त्या दिवशी इतकी हसली होती की हमाल पण हसायला लागले. तो पोचा बरोब्बर उजव्या हाताखाली येईल असं डिझाइन केलंय. शिवाय मुठीचं जे भोक होतं तिथे आवाजाचं बटण बसतं. अगदी मापात! असं डोकं लागतं.
रात्रीचं जेवण: उकडलेली अंडी. कालचंही तेच होतं. प्रथिनं.

१८ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मला वाटलं कौतुक करायला. म्हणाल्या की कानशीच्या आवाजाने त्यांच्या दातांना कळा येतात. मग घरभर नजर फिरवून विचारलं, ही कधी येणार? म्हटलं, तिकडची हवा तिला मानवलेली दिसते. काकू म्हणाल्या, हो, मानवली असणार. जाताना दार अगदी हळू लावून घेतलं, आजारी माणसाच्या घराचं लावतात तसं.
संकल्प: कानस रोज फक्त सकाळी नऊ ते दहा.

१९ फेब्रुवारी
कानस दिवसभर. कडा अशा अर्धवट सोडता येत नाहीत.

२२ फेब्रुवारी
मापं घेतली. पूर्वी मी मापं घेत असलो की सौ. मागे कपाटात कपडे लावत काहीबाही गुणगुणायची आणि माझा आकडा चुकायचा. मग मी म्हणायचो, जरा गप्प बसतेस का. आता मागे कोणी नाही. तरी आकडा चुकला. उजेडाचा दोष.
कपाटाचं दार उघडताना करकर वाजायचं. तेल घाला म्हणून सौ. सतत मागे लागायची. आता ते वाजत नाही. सकाळी जाग आल्यावर आधी तेच लक्षात येतं.

१ मार्च
सौ.चा फोन. मेव्हणा या बाजूला येतोय, त्याच्याबरोबर उन्हाळ्याचे कपडे आणि शिवणकामाच्या परीक्षेचं सर्टिफिकेट पाठवा, म्हणाली. तिथे शिवणाचा क्लास काढणार आहे. हवापालटाबरोबर छंदही! मी म्हणालो, झकास. ती म्हणाली, बास? एवढंच? म्हटलं, फारच झकास.
कपडे आणि सर्टिफिकेट मेव्हण्याला स्टँडवरच नेऊन दिलं. घरी आला असता तर दाराचं बिंग फुटलं असतं.

९ मार्च
महत्त्वाचा दिवस. ठिणगीकडून ग्राइंडर आणला. कडा आरशासारख्या चकचकीत.
ऐन रंगात सौ.चा फोन. ग्राइंडर बंद केला असता तर बसलेला हात बिघडला असता, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून काम चालू ठेवलं. आज बरंच बोलत होती. इतकं ती कधी बोलत नाही. मधे मधे थांबली की मी हो म्हणायचो. शेवटी आवाज चढवून विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की! अगदी तुझ्या मनासारखं! मग फोन बंद झाला. नेटवर्क.
बायकोशी इतका समजूतदारपणे बोलणारे नवरे कमीच.

१३ मार्च
फोन नाही. क्लासमध्ये गर्क असेल.

१७ मार्च
मीच केला. सौ.ने उचलला नाही. मेव्हणीने उचलला आणि म्हणाली की ताई झोपली आहे. दुपारी? म्हणाली, हो, दुपारी. मेव्हणीचा सूर जरा घुश्शातला वाटला. हवा बाधली असावी.

२८ मार्च
गळा बसवला. म्हणजे गिटारचा, लांब दांडी असते ती. वाद्यांच्या दुकानातून मोडक्या गिटारची आणली. दुकानदार सांगत होता की तारा ज्या पट्टीवर अडकतात तिची जागा या दांडीच्या पट्ट्यांवरून मोजून काढा, नाहीतर सूर जुळणार नाही. त्याला सांगितलं की मापं शिकवू नका, माझा तो धंदा आहे.
पट्टीची हिशेबाने जी जागा निघाली ती नेमकी पोच्यावर. पोचा ठोकून सपाट करता आला असता. नाही केला. पट्टी थोडी पुढे सरकवली. थोड्याने काय होतं?

३१ मार्च
तारा चढवल्या! नुसत्या छेडल्या तर आवाज अप्रतिम. बोट दाबलं की बेसूर. कुठेही दाबा, बेसूर. पोच्यामुळे.
म्हणजे हे वाद्य बोट न लावता वाजवायचं आहे. जगात असं दुसरं नसावं. ‘पास’चं नवं स्टिकर लावलं.
वजन: भरपूर. दहा मिनिटं गळ्यात घातली तर खांद्यावर वळ. सौ. असती तर तेल लावून दिलं असतं. बडबडत, पण दिलं असतं.

४ एप्रिल
जुना स्पीकर आणि अॅम्प्लिफायर जोडला. चालू केला मात्र, गिटार गुणगुणायला लागली. आपली आपणच. हुंऽऽऽ. चपला काढून फरशीवर उभं राहायचं आणि तारांवर हात ठेवायचा, की गप्प. हात काढला की परत सुरू.
व्हिडिओत दाढीवाला म्हणतो की अर्थिंगची वायर जोडली नसेल तर असं होतं. तोवर माणूसच अर्थिंग. वायर आणून ठेवली. पाच मिनिटांचं काम आहे. उद्या.

७ एप्रिल
वायर उद्या.
हात ठेवतो, गप्प. काढतो, सुरू. आज दुपारभर हेच करत बसलो. हे लिहिण्यासारखं नाही, पण लिहिलं.

१२ एप्रिल
मेव्हण्याचा फोन. रविवारी टेम्पो घेऊन येतोय, कपाट न्यायला. ताईला हवंय, म्हणाला.
विचार केला. सौ.ला दाराचं कळलं असेल का? शक्य नाही. बहिणीकडे कपडे ठेवायला जागा अपुरी पडत असणार. पण मग परत येताना एवढं कपाट पुन्हा आणायचं? हेलपाटाच. तिला सांगायला हवं.
योजना: मेव्हण्यासमोर गिटार वाजवायची. तो घरी जाऊन सांगेल. सौ. ऐकायला येईल. आली की राहील.

१९ एप्रिल, रविवार, दुपारी
मेव्हणा आला. बरोबर टेम्पोवाला. कपाटाकडे बघून म्हणाला, भावोजी, दार कुठंय? मी म्हटलं, बस. आणि वाजवायला लागलो. मोकळ्या तारा छान वाजल्या. मग उत्साहाच्या भरात बोटं दाबली. मेव्हण्याने डोळे मिटले. मला वाटलं, रंगला. वाजवून झालं तरी उघडेना.
मग म्हणाला, भावोजी, तुम्हाला खरंच ठाऊक नाही? ताईने वेगळी खोली घेतली आहे. क्लास तिथेच चालतो. ती आता परत येणार नाही. तुम्हाला तिने फोनवर सगळं सांगितलं, लग्न झाल्यापासून मनात साठलेलं एकूण एक, आणि विचारलं की मी नाही आले तर चालेल ना तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात. तिने पुन्हा विचारलं, नक्की? तुम्ही म्हणालात, नक्की. फोन ठेवून रडली ती. तिला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल. निदान भांडाल तरी.
मी म्हणालो, ग्राइंडर चालू होता.
मेव्हण्याने मान खाली घातली. टेम्पोवाल्यानेही, आणि त्याचा तर काही संबंधही नव्हता.
कपाट उतरवायला मी हात लावला. खालची बाजू धरली. जिन्याच्या वळणावर, जपून, जपून, असं मीच ओरडत होतो. काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. या वेळी निसटलं नाही.
खोलीत कपाटाच्या चार पायांच्या जागी फरशी अजून नवीकोरी आहे. गिटारवरचं ‘पास’चं स्टिकर काढायला गेलो. अर्धं निघालं, अर्धं राहिलं.

संध्याकाळी
सौ.ला फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला. म्हणाली, हा कसला आवाज, काय चालवलंय आता? म्हटलं, काही नाही, गिटार आहे. ती आपली आपणच करते. मग म्हणालो, तुझ्या दाराची केली आहे. म्हणाली, कळलं मला. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.
म्हटलं, त्या दिवशी जे सांगितलंस ते परत सांगशील का? म्हणाली, आता काय उपयोग? म्हटलं, मला ऐकायचंय.
चपला काढल्या, फरशीवर उभा राहिलो, तारांवर हात ठेवला. एकदम शांत. मग तिने सांगितलं. पहिल्यापासून. मी मधे काही बोललो नाही, एक सोडून. म्हटलं, तुझं ते गुणगुणणं फार आठवतं. तर म्हणाली, ते सोडून किती वर्षं झाली, तुमच्या लक्षातही आलं नाही.
खूप वेळ बोलली. उभं राहून पाय दुखले, पण हात काढला नाही. तिचं बहुतेक सगळं बरोबर आहे. मला ती परत यायला हवी आहे, हे मी सांगितलं. म्हणाली, हे त्या दिवशी दारात सांगायचं होतंत. शेवटी विचारलं, ऐकताय ना? म्हटलं, हो. या वेळी तिने, नक्की का, असं विचारलं नाही. जेवून घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.
हात काढला. गुणगुण सुरू झाली.
उद्याचं काम: अर्थिंगची वायर जोडणे.
नको. जोडली तर आवाज बंद होईल.