शून्य दुखणं, बारा किलो पीठ

२७ फेब्रुवारी, सोमवार
लिही रेमेदियोस. मी बोलेन तसंच लिही, पदरचं काही घालू नकोस.

मी देओलिंदा. वय सत्त्याहत्तर. अक्षरशत्रू. घरातले बाकीचे शत्रू हळूहळू सांगेन.

आज दवाखान्यात नवी डॉक्टरीण होती, लिस्बनची. तिनं मान दाबली, खांदे दाबले, कंबर दाबली, गुडघे दाबले. ती दाबत गेली, मी ओरडत गेले. यात काय विशेष? दाबलं तर कोंबडीपण ओरडते. मग म्हणाली, आजी, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, फोटो नॉर्मल, तुम्हाला फायब्रोमायल्जिया आहे. मी म्हटलं, सगळं नॉर्मल आहे तर मीपण नॉर्मल. ती म्हणाली, नाही, हे रिपोर्टात दिसत नाही, पण दुखणं खरं असतं. दिसत नाही आणि खरं आहे, असं आमचे पाद्रीबाबापण सांगतात, पण ते निदान गोळ्या देत नाहीत.

ही वही तिनंच दिली. रोज दुखण्याचा नंबर लिहायचा, शून्य ते दहा. अकरा एप्रिलला आणायची. दाखवायची की नाही ते मी ठरवीन. वही माझी आहे.

घरी नवऱ्याला सांगितलं. झेफेरिनो म्हणाला, हा बायकांचा आजार, रिकाम्या बसल्या की होतो. दोन गाद्या टाकून निजणारा माणूस हा.

दुखणं: शून्य.

२ मार्च, गुरुवार
संकल्प. आठ एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या दिवशी, बारा किलो पीठ मी एकटी मळणार. दरवर्षी मळते तसंच.

आमच्या गावात भट्टी एक आणि घरं अकरा. सगळ्यांचे पाव एकदमच भाजतात, म्हणून प्रत्येक घराचा लाकडी ठसा. आमचा ठसा म्हणजे ऑलिव्हची तीन पानं आणि किल्ली. झेफेरिनोच्या आजोबांनी मेंढ्या चारताना कोरलेला. कागदावर मी अंगठा उठवते, पण पावावर माझं नाव सगळं गाव वाचतं.

नियम सोपा आहे. जी मळते तिच्या हातात ठसा. हात गेले की ठसा सुनेकडे. शेजारच्या फेलिस्मिनानं गेल्या वर्षी दिला. आता ती भट्टीघरात मागच्या बाकावर बसते आणि बायका तिला पाहुणीसारखी कॉफी देतात. फेलिस्मिनाला! जिनं मला पीठ चोरायला शिकवलं! मी त्या बाकावर बसणार नाही.

त्यात माझी सून, हीच लिहिणारी, सीमेपलीकडची. आमच्याकडे म्हणतात, स्पेनकडून ना वारा चांगला येतो, ना सोयरीक. एकोणीस वर्षं झाली हिला इथं. एवढ्यात वारापण सुधारला असता.

लिहिलंस? तोंड वाकडं न करता लिहिलंस का?

दुखणं: शून्य.

७ मार्च, मंगळवार
सराव सुरू केला. अर्धा किलो पीठ, लहान काथवट. दहा मिनिटांत थांबले, कारण पीठ जुनं होतं. जुनं पीठ हाताला ओढतं. खांद्यापासून करंगळीपर्यंत कुणीतरी तार ओढावी तसं झालं. पिठामुळे.

सुनेनं विचारलं, नंबर काय घालू? मी म्हटलं, पिठाचा की माझा?

झेफेरिनो संध्याकाळी शहरातून परतला. मंगळवार-गुरुवार बसनं पत्ते खेळायला जातो. केस ओले. म्हणाला, घाम आला. पत्ते खेळताना एवढा घाम म्हणजे हरत असणार.

दुखणं: शून्य.

११ मार्च, शनिवार
सकाळी उठले ते न निजल्यासारखी. गादीत दगड भरलेत असं वाटतं. बदलायला हवी.

सुपात मीठ दोनदा पडलं. चष्मा सापडेना, तो फ्रीजमध्ये लोण्याशेजारी निघाला. डॉक्टरीण म्हणाली होती की या आजारात डोक्यात धुकं भरतं. योगायोग. माझा चष्मा नेहमीच स्वभावानं भटका.

दुपारी ब्लाउजची बटणं लागेनात. हल्ली बटणं लहान करतात, कंजूष लोक. सुनेनं लावून दिली. मी लावू दिली, तिला बरं वाटावं म्हणून.

दुखणं: शून्य. बटणांचं धरायचं नाही.

१४ मार्च, मंगळवार
आज जे घडलं ते नीट लिही.

डॉक्टरिणीचा हुकूम की शहरातल्या गरम पाण्याच्या पूलमध्ये उतरायचं, आठवड्यातून दोनदा. मी म्हटलं, मी काय बटाटा आहे उकडायला? सून म्हणाली, नुसतं बघून या. म्हणून गेले. नुसतं बघायला. पोहण्याचे कपडे पिशवीत होते ते हिनं भरले म्हणून.

पाण्यात बारा बायका. रबरी टोप्या, त्यांवर फुलं. हात वर, हात खाली. एक पोरगी काठावर उभी राहून शिट्टी वाजवत होती. मग माझं लक्ष तेराव्या टोपीकडे गेलं. गुलाबी फुलांची. तिच्याखाली मिशी होती.

ती मिशी मी एकावन्न वर्षं ओळखते.

झेफेरिनोनं मला पाहिलं आणि पाण्याखाली गेला. पोरगी शिट्टी वाजवून ओरडली, सेन्योर झेफेरिनो, बुडी नको, आपला खांद्याचा व्यायाम चाललाय! बारा बायका हसल्या. त्या त्याला झेझे म्हणतात. मी त्याला लग्नानंतर तीन महिने झेझे म्हणाले होते, नंतर गरज पडली नाही.

मग काठावर बसून कबुली दिली. त्यालापण हेच लांबलचक नाव. दोन वर्षांपासून. शहरातल्या डॉक्टरनं त्याला सांगितलं की पुरुषांनापण होतं, पण ते कमी येतात, आले तरी गुडघा दाखवून निघून जातात. त्यानं आधी तसंच केलं होतं. गुडघा, मग पाठ, मग दात. शेवटी दाखवायला काही उरलं नाही तेव्हा खरं बोलला. मी म्हटलं, आणि मला म्हणालास की रिकाम्या बायकांचा आजार. तो म्हणाला, दारूच्या गुत्त्यात कळलं तर तिथला टवाळ जोआकिम मला परकर भेट देईल. खरंय. जोआकिम देईल.

मी विचारलं, तुझा नंबर किती? म्हणाला, सहा. पूर्वी शून्य सांगायचो, पण शून्याला गोळी मिळत नाही.

बिचारा. सगळ्यांची प्रकृती माझ्यासारखी कशी असेल. मी पाण्यात उतरले ती त्याला सोबत म्हणून.

दुखणं: शून्य. त्याचं सहा.

१८ मार्च, शनिवार
गुरुवारी पुन्हा पूल. सोबत म्हणून. रात्री सलग पाच तास झोपले. कोबीच्या सुपाचा गुण.

संकल्प: कोबीचं सूप रोज.

२५ मार्च, शनिवार
तीन किलोचा सराव. एक किलोवर थांबले. स्पेनकडचा वारा सुटला होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं सून तोंडातल्या तोंडात म्हणाली. मी ऐकलं. कान शाबूत आहेत, हेपण वहीत लिही.

फेलिस्मिना डोकावली. म्हणाली, देओलिंदा, झाकली मूठ सव्वा लाखाची, पण तुझी मूठ वळते का आधी ते बघ. मी म्हटलं, तुझ्या बाकावर ऊन छान येतं म्हणे. ती गेली.

मूठ अर्धी वळते. अर्ध्याचे साठ-सत्तर हजार तरी येतील.

दुखणं: शून्य. फेलिस्मिना: नऊ.

१ एप्रिल, शनिवार
सहा किलो. सून दुकानात गेलेली बघून झेफेरिनोला आत घेतलं, दार लावलं. दोघं मिळून मळणार. त्यानं बाह्या सरसावल्या. पुरुषानं काथवटीत हात घातलेला आमच्या गावात कुणी पाहिला तर जोआकिम नुसत्या परकरावर थांबणार नाही.

सात मिनिटं मळलं. मग तो एका खुर्चीत, मी दुसऱ्या. मध्ये कणीक. ती आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. तो म्हणाला, पुतळे झालो आपण. मी हसले तर बरगड्या दुखल्या. हसणं बंद केलं.

सून आली. दार वाजवलं, उघडलं. हात धुतले, मळायला लागली. आम्ही दोघांनी देखरेख केली. देखरेखीलापण ताकद लागते.

हिच्या मळण्यात मनगट कमी आहे. पण कणीक फुगली. योगायोग.

दुखणं: शून्य. एवढी बघतेस काय? शून्य म्हटलं ना.

८ एप्रिल, शनिवार, दुपारी
सगळं सांगते, मग मला कुणी काही विचारायचं नाही.

पहाटे बारा किलो पीठ काढलं. पहिल्या दोन मुठी मी मळल्या. बाकीचं रेमेदियोसनं. कणकेवर क्रॉस मी काढला, वाढ गं बाई हे मी म्हटलं, म्हणजे मुख्य काम माझंच. आठ पाव झाले. त्यांवर ठसा मी उमटवला. आठच्या आठ. तो मी कुणाच्या हातात दिला नाही.

दोरोतेया, भट्टीवाली, हिनं लांब दांड्याच्या फळीवरून अकरा घरांचे पाव आत सारले. बायका पुढच्या बाकांवर. मीपण पुढच्या बाकावर. फेलिस्मिना मागच्या.

मग पाव बाहेर आले. दोरोतेया एकेक उचलून ठसा बघून हाका मारत गेली. कुणाचं चाक, कुणाचा मासा, कुणाचा तारा. सगळ्या आपापले पाव घेऊन बाकांवर परतल्या. खाली आठ उरले. गोल, गुळगुळीत. वर काही नाही.

ठसा उमटतो तो दाबल्यामुळे. कणीक फुगली की हलका ठसा पुसला जातो. सगळ्यांना ठाऊक आहे. मला तर साठ वर्षं ठाऊक आहे.

दोरोतेयानं एक वर धरला. म्हणाली, अगं ही टकली बाळं कुणाची?

बायकांनी आधी पावाकडे पाहिलं, मग हळूच माझ्या हातांकडे. हात मी मांडीखाली घेतले. फेलिस्मिना मागच्या बाकावर जरा सरकली. तिनं जागा केली. ते सरकणं मी विसरणार नाही.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे.

तेवढ्यात रेमेदियोस पुढे झाली. म्हणाली, माझे आहेत. आईंनी मला ठसा दिला होता उमटवायला, मला जमलं नाही.

दोरोतेया म्हणाली, एकोणीस वर्षं झाली तुला, अजून ठसा दाबतेस की पाद्रीबाबांच्या हाताची पापी घेतेस? भट्टीघर फुटलं हसण्यानं. कुणी म्हणालं, स्पेनचे हात. कुणी म्हणालं, देओलिंदा, तुझं नशीब गं बाई.

मीपण हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

दुखणं:

९ एप्रिल, ईस्टर
आज काही लिहायचं नाही.

हे लिहू नकोस.

लिहिलंस?

११ एप्रिल, मंगळवार
वही दाखवली. अमादेउ म्हणाला म्हणून. अमादेउ माझा मुलगा, ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी असतो आणि चारही दिवस बायकोची बाजू घेतो.

डॉक्टरीण वाचत होती. आधी हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, सात मार्चला आठ होतं, तेव्हा गोळी घेतली होती का?

मी म्हटलं, कसले आठ? शून्य.

ती म्हणाली, शाईनं शून्य आहे. बाजूला पेन्सिलीनं आठ आहे. अकराला सात. चौदाला पूलच्या आधी आठ, नंतर पाच. अठराला तीन. पंचवीसला नऊ. हे कुणी लिहिलं?

मी सुनेकडे पाहिलं. सून खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर बघण्यासारखं एक गाढव होतं.

मी म्हटलं, मी सांगितलं होतं पदरचं काही घालू नकोस. ती म्हणाली, आई, पदरचं नाही. तुम्ही खुर्चीतून उठताना टेबलाला किती वेळा धरता ते मोजते. जिना चढताना किती पायऱ्यांवर थांबता ते मोजते. बटणं मोजते.

मी विचारलं, आणि शनिवारी? भट्टीच्या दिवशी मी नंबर सांगितलाच नव्हता.

डॉक्टरिणीनं पान उलटलं. म्हणाली, दहा.

मग डॉक्टरीण गोळीचा कागद लिहायला लागली. म्हणाली, पूल सोडू नका, रोज थोडं चाला, जड काम वाटून घ्या. आणि आजी, घरात एवढं मोजणारं माणूस माझ्या बाकी पेशंटांना नसतं.

झेफेरिनो बाहेर बाकावर बसला होता. विचारलं, किती निघाले? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त. त्याला वाईट वाटलं.

१२ एप्रिल, बुधवार
ठसा सुनेला दिलेला नाही. गावात कुणी विचारलं तर हेच सांगायचं. माझ्या कपाटाला कुलूप नीट लागत नाही, म्हणून तिच्याकडे ठेवायला दिलाय. पुढच्या ईस्टरला तीच उमटवेल, कारण ठेवणाऱ्यानंच उमटवलेला बरा, नाहीतर हरवतो. मी शेजारी उभी राहून दाब, दाब म्हणेन. ते महत्त्वाचं काम आहे.

फेलिस्मिनाच्या बाकावर बसून पाहिलं. मी दमले नव्हते, नुसतं ऊन बघायला. ऊन खरंच छान येतं. मेलीनं इतके दिवस सांगितलं नाही.

आता बास. नंबर काय विचारतेस? शून्य. शाईनं लिही.

बाजूला पेन्सिलीनं काय लिहायचं ते लिही. मी बघत नाही. बघून मला कुठं कळणारे.