मराठी अहवालाला शून्य

अमरावती, गुरुवार, संध्याकाळ

महाविद्यालयाच्या मूल्यांकनात माझ्या संशोधनापुढे आज शून्य आलं. शून्य! तीन वर्षं तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या, खाऱ्या पाण्याच्या गावांत हिंडून विहिरींचं पाणी तपासलं. अहवाल मुद्दाम मराठीत लिहिला, गावकऱ्यांनी वाचावा म्हणून. तो वाचून एका गावानं पिण्याची विहीर बदलली. पण मान्यताप्राप्त नियतकालिकात छापला नाही, म्हणून तो संशोधनच नाही?

फॉर्म भरून घेणारे मानकर सर म्हणाले, "मॅडम, पयले समिती येत होती, तिले गावात नेऊन दाखवता आलं असतं. आता समदं पोर्टलवर भरा लागते. त्याले विहीर थोडीच समजते!" मग हळूच म्हणाले, "माह्या पेपरवर तुमचं नाव टाकून देऊ काय? शून्य तरी जाईन."

त्यांचा राग नाही, भल्यासाठीच बोलले. पण मी लगेच "नाही" म्हटलं नाही. क्षणभर विचार केला, अगदी खरोखर. त्याचाच संताप होतोय. शेवटी "नको सर" म्हणाले आणि आहे त्यावरच सही केली.

आता पूर्ण विभागाचे गुण घसरतील. उद्या सगळे विचारतील, "काहून केलं असं?" त्यांचंही खरंच आहे. त्यांना काय सांगू?