साडी-गार्डवाली लाल गाडी कोणाकडे जावी याबाबत

मी, उमा सदाशिव वैजापूरकर, वय ७१ वर्षे, सेवानिवृत्त, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर (जुन्या कागदांवर औरंगाबाद लिहिले आहे, ते हेच गाव), हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही. ती बदलण्यासाठी मंगळवारी ऑपरेशन आहे आणि आज दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलाने आणून पाहिले होते, ते कलम ५ मध्ये येईल.

मी एकतीस वर्षे दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी केली. लोकांच्या मृत्युपत्रांत "माझ्या मनात कोणाविषयी राग नाही" हे वाक्य हटकून असे, आणि पुढच्याच पानावर धाकटा भाऊ वगळलेला असे. मी ते वाक्य लिहीत नाही. मला राग आहे, आणि तो कुठे आणि किती हे सांगूनच जाणार आहे.

१. घर. राहते घर चिरंजीव हिमांशू यास द्यावे. पुढचे गॅरेज पाडून तिथे भाड्याचे दुकान काढायचा त्याचा विचार आहे, हे त्याने मला सांगितलेले नसले तरी त्याने टेप लावून मोजमाप घेताना मी खिडकीतून पाहिले आहे. काढ बाबा. सगळ्या गल्लीने काढली आहेत. आमच्या वेळी इथे संध्याकाळी सातनंतर रिक्षा यायला तयार नसे, आता मोमो मिळतात.

२. बँकेतली शिल्लक नात ओवी हिच्या शिक्षणासाठी आहे. शिक्षण म्हणजे ओवीला जे शिकावेसे वाटेल ते. त्याला "करिअरच्या दृष्टीने" हे शब्द कोणी जोडू नयेत. माझ्या पाटल्या सूनबाई मनस्विनी हिला. तिने गाडीवरून मला "आता या वयात?" असे एकदाही म्हटलेले नाही, याची नोंद घ्यावी.

३. शेजारच्या लीलाबाई यांना माझी गॅलरीतली वेताची खुर्ची. २०११ साली मी निवृत्त झाले आणि आलेल्या पैशांतून नाशिकच्या एका डॉक्टरांकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली. ती दारात उभी राहिली तेव्हा लीलाबाईंनी भिंतीवरून विचारले होते, "अगंबाई, दोघंच बसतात? मग टप कुठाय?" तेव्हापासून त्या रोज उभ्यानेच आमच्या गॅरेजवर लक्ष ठेवून आहेत. आता त्यांनी बसून ठेवावे.

४. लेथ, व्हर्निअर, पान्यांची पेटी आणि भिंतीवरची सगळी हत्यारे मेकॅनिक सांडू पुंडलिक मिसाळ यास. सांडूचा हात चांगला आहे, पण तो मिलिमीटर डोळ्याने मोजतो आणि कमी पडले की देवाचे नाव घेतो. त्याने व्हर्निअर वापरावे. माझे पती कै. सदाशिवराव यांनी ते चाळीस वर्षे वापरले आणि त्यावर एक ओरखडा नाही.

५. गाडी. दोन आसनी, उघड्या टपाची, लाल, एमएच-१५. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण कंपनीने दिलेले तिच्यात आता फार काही उरलेले नाही. सदाशिवराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांना कोणतीही वस्तू आहे तशी आवडत नसे. मी कशी आवडले, याचे मला आजही नवल वाटते.

अशी गाडी घेणारा कोणीही ती रस्त्याला टेकेल इतकी खाली करून घेतो. यांनी स्प्रिंगा बदलून दोन इंच वर केली, कारण तेव्हा शहरात जो रस्ता सापडेल तो पाइपलाइनसाठी खणत होते. इंजिनाला हवा जाते तिथे आपल्या धुळीसाठी दुहेरी गाळणी बसवली. गिअरची मूठ माझ्या तळहाताचे माप घेऊन बाभळीची केली. एकदा माझा पदर दारात अडकून पडेगावपर्यंत रस्ता झाडत गेला, म्हणून दाराला साडी-गार्ड लावला. या जातीची, साडी-गार्ड असलेली दुसरी गाडी कोणी दाखवावी.

अशा गाड्यावाल्यांचे आमचे "खुली हवा मंडळ" होते. अकरा गाड्या. रविवारी सकाळी सहाला नगर नाक्यावर जमायचे, म्हैसमाळचा घाट चढायचा, वर पोहे खायचे आणि ऊन चढायच्या आत घरी. गाडीत कोणी काही बदल केला की त्याने नारळ फोडायचा आणि दुसऱ्या सभासदाने गाडी चालवून तो बदल पास करायचा. साडी-गार्डाच्या वेळी गाडी चालवली बद्रीनाथ कडुबा औताडे यांनी. त्यांची करमाडकडची बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्यांनी आमच्यासारखीच गाडी घेतली, पिवळी. उरलेल्या शेतातला कांदा ते तिच्यातूनच बाजारात नेत, गोणी शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. उतरताना म्हणाले, "लई झाक काम झालं, सदाशिवराव. पर धोतराचं बी काही तरी बघा की." पुढे काहीही अडले की ते थेट आमच्या गॅरेजमध्ये येऊन बसत. दोघे मिळून एका स्प्रिंगवर दोन तास बोलत.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. आमच्या नळाला आठवड्याने पाणी येई. मंडळाने ठरवले, पाऊस पडेपर्यंत कोणी गाडी धुवायची नाही. त्या दिवशीची तारीख प्रत्येकाने आपल्या बॉनेटवरच्या धुळीत बोटाने लिहिली. दर रविवारी तारीख किती बुजली ते पाहायचे, आणि जिची जास्त बुजली तिच्या मालकाला पोहे फुकट. मंडळातले डॉक्टर आणि प्लॉटवाले गाडीवरची धूळ मिरवायला लागले. मंडळाचा तो सगळ्यात चांगला काळ होता, असे माझे मत आहे.

एप्रिलच्या एका रविवारी मी साडेपाचला खाली आले तर गाडी लखलखत होती. तारीख नव्हती, धूळ नव्हती आणि ड्रमात चार दिवसांसाठी भरलेले पाणीही नव्हते. सदाशिवराव हातात फडके घेऊन उभे होते. "मळली होती गं," म्हणाले. त्यांचे विसरणे सहा महिन्यांपूर्वी सुरू झाले होते. ते डॉक्टरांना आणि मला माहीत होते, बाकी कोणाला नाही. मी घरी थांबायला हवे होते. पण ते बूट घालून सीटवर बसलेसुद्धा, आणि मला नाही म्हणवले नाही.

नाक्यावर सगळे उतरून आमच्या बॉनेटकडे बघू लागले. बद्रीनाथराव पुढे आले. "वैनी, माझी माय काल टँकरपाशी दोन तास उन्हात हंडा घेऊन उभी व्हती. अन् तुम्ही गाडीला न्हाऊ घातलं?" सदाशिवराव शेजारी बसून हसत होते. गाडी किती छान दिसते असे कोणी तरी म्हणेल, याची वाट पाहत होते.

मी म्हणाले, "हो. मी धुतली."

त्याच दिवशी आमचे नाव मंडळातून गेले. मी खोटे बोलले, ते आज लिहून देते. ज्या माणसाला बाकीच्या दहा गाड्यांचे मालक विचारायला येत, त्याचे डोके चालत नाही हे चारचौघांत कळू नये, एवढेच माझ्या मनात होते. घडले उलटे. माझ्यावरच्या रागापोटी लोकांनी गॅरेजमध्ये येणेच सोडले. सदाशिवराव पुढे तीन वर्षे जगले, आणि ज्या रविवारी आठवण राही त्या रविवारी बूट घालून बसून राहत. बद्रीनाथ अजून आला नाही का, म्हणून विचारत. मी म्हणे, येईल. मनात कोणाविषयी राग आहे असे वर लिहिले, त्यातला सगळ्यात मोठा माझा माझ्यावर आहे.

आता हिमांशू. त्याने पुण्याचे एक गृहस्थ गाठले आहेत आणि गाडी त्यांना विकून टाक म्हणून तो माझ्यामागे लागला होता. ते जुन्या गाड्या घेऊन "मूळ रूपात" आणतात. म्हणजे मूठ, गाळणी, स्प्रिंगा, साडी-गार्ड, सगळे काढून फेकणार. हिमांशू वाईट मुलगा नाही, त्याला हे सगळे जुगाड वाटते इतकेच. पण सदाशिवरावांच्या हातचे चालते-फिरते काम या जगात आता एवढे एकच उरले आहे. ते भंगारात जाणार हे मला सहन होत नाही. सबब ही गाडी मी श्री. बद्रीनाथ कडुबा औताडे यांस देते. तिच्यात काय कशासाठी आहे हे कळणारा तेवढा एकच माणूस उरला आहे. त्यांनी राग माझ्यावर ठेवावा, गाडीवर ठेवू नये.

६. इथपर्यंत लिहून झाल्यावर सह्यांसाठी सांडूला बोलावले आणि येताना दुसरा साक्षीदार आण म्हटले. सांडू बद्रीनाथरावांना घेऊन आला. "काकू, दुसरं कुनी मोकळंच नव्हतं." रविवारी सकाळी साडेदहाला या एवढ्या वाढलेल्या शहरात दुसरे कोणी मोकळे नव्हते, हे मी नोंदवून ठेवते.

साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, सही होताना पाहायचे असते. बद्रीनाथरावांनी पाने ओढून घेतली आणि उभ्या-उभ्या वाचली. कलम ५ दोनदा वाचले. मग गॅरेजमध्ये गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा चष्मा हातात होता.

"वैनी, एकदा सांगायचं तरी. म्या रोज येऊन बसलो असतो त्यांच्यापाशी."

चूक माझीच होती, तसे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, आपण बी इचारलं नाय. मग त्यांनी पेन मागितले. "सही कुठं करायची?"

"तुम्ही नाही करायची. ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्षीला बसू नये. उद्या कोणीही वकील त्यावर बोट ठेवील आणि गाडी तुमच्या हातची जाईल."

"पक्कं?"

"एकतीस वर्षं लोकांना हेच सांगत आले."

"मंग आना पेन."

"अहो, गाडी जाईल!"

"जाऊ द्या. कुनाला द्यायची ते तुम्ही ऑपरेशन करून या, अन् मंग नवीन लिहा. ह्ये असं अर्धवट सोडून मरता येतंय व्हय?"

मी त्यांना पुष्कळ समजावले. सांडू भिंतीकडे तोंड करून हसत होता. शेवटी माझ्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नसल्यामुळे कलम ५ मधील देणगी मी सह्यांपूर्वी स्वतःच्या हाताने रद्द करते. गाडी तूर्त माझीच आहे. हिमांशूने पुण्याच्या गृहस्थांना कळवावे की मालकीण परत येणार आहे, तिचे काम राहिले आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, आणि थोडी हरून, खालील दोघांसमक्ष सही करून पुरे केले.

उमा सदाशिव वैजापूरकर
स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ मे २०२४, रविवार

साक्षीदार १: सांडू पुंडलिक मिसाळ. (व्हर्निअर मिळणार म्हणून मी याला सही करू नको म्हटले होते. याने ऐकले नाही. "मला बी नवीनच लिहा," म्हणाला.)

साक्षीदार २: बद्रीनाथ कडुबा औताडे. सगळं वाचून सही केली. वैनीला दवाखान्यात मी घेऊन चाललो, लाल गाडीत. आनायला बी मीच जानार.