बारमाही टायर आणि मायच्या चपला

आबा,

बर्फ तुम्ही पाहिला असेल तो गोळेवाल्याच्या हातगाडीवर, गोणपाटाखाली झाकलेला. तरी धुळ्याला आग्रा रोडवरच्या आपल्या टायरच्या दुकानात बसून तुम्ही बर्फावरही निकाल देऊन टाकला होता. केळी भरून जम्मूकडे निघालेल्या एका ट्रकवाल्यानं विचारलं होतं, वर बर्फ लागतो, हे टायर चालतील का? चहाची बशी खाली न ठेवता तुम्ही म्हणालात, "बर्फमा बी चाली. बर्फ म्हंजे काय, पानीच ना ते?" मी तुमचा डबा घेऊन दारात उभी होते आणि मला ते पटलं होतं. त्या वयात बाप म्हणेल ते पटतं. आज तुम्हांला जाऊन एक तप उलटून गेलं. मी कॅनडातल्या एका गावात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तुम्हांला कळवते आहे की नाही चालत. मागच्या आठवड्यात स्वतः चालवून पाहिले.

झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं, हा तुमचा धंदा. साचा एकच, नक्षी एकच. दुसरा साचा आणायची ना ऐपत ना इच्छा, म्हणून त्या एकुलत्या नक्षीला तुम्ही 'बारमाही' असं नाव ठेवलं आणि पेंटरकडून पाटीवर लाल अक्षरांत लिहून घेतलं. एवढी हुशारी तुमच्याकडे होती हे मान्य करते. "रबरले काय उन्हाळा अन् काय पावसाळा!" असं म्हणत तुम्ही टायरवर पंजा मारायचात. त्या आवाजानं गिऱ्हाइकाची खात्री पटायची. टायरवर पंजा मारला की आवाज होतोच, त्यात टायरचं कर्तृत्व काय, हे कुणी विचारत नसे.

एकदा दोंडाईच्याचा एक कापडवाला व्यापारी आला होता, मारवाडी, अंगात पांढरा शर्ट आणि गुडघ्यापर्यंत काळ्या मातीचा चिखल. पावसात त्याची जीप वाटेवरून घसरून शेतात गेली होती. बिचारा तक्रार घेऊन आला होता. तुम्ही टायर बघितलाच नाही, त्याच्याकडे बघत राहिलात. "ब्रेक कसा दाबा?" त्यानं पायानं हवेत दाबून दाखवला. तुम्ही मान हलवलीत, जणू डॉक्टरच. "टायर बारमाही शे, शेठ. चालवणारा कच्चा शे." पाच मिनिटांत तो माणूस स्वतःच्या पायाला दोष देऊ लागला आणि चहा पिऊन, वर तुमचे आभार मानून गेला. तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! आज आठवलं की त्या शेठची कीव येते, आणि त्याहून जास्त माझी.

कारण घरीही तुमचं हेच चालायचं. भाजीत मीठ जास्त झालं तर खाणाऱ्याची जीभ बिघडलेली, कारण मीठ तुम्ही आणलेलं. माझे गणितात मार्क कमी आले तर मी मठ्ठ, कारण शाळा तुम्ही निवडलेली. आणि चपला! टाकाऊ टायरच्या पट्ट्या कापून तुम्ही चांभाराकडून घरातल्या सगळ्यांना चपला करून घ्यायचात. उन्हाळ्यात पाय भाजायचे, पावसाळ्यात त्या साबणासारख्या सटकायच्या. पण टायरच्या, म्हणजे बारमाही. मैत्रिणी हसायच्या, म्हणून मी शाळेच्या कोपऱ्यावर चपला काढून दप्तरात टाकायचे आणि अनवाणी वर्गात जायचे. अनवाणी जाण्यात निदान इभ्रत होती.

श्रावणात माय पडली. नळाची घागर कमरेवर होती, मोरीबाहेरची शहाबादी फरशी ओली होती, आणि पायात त्या चपला, तळ घासून आरशासारखा झालेला. उजवा हात मनगटात मोडला. मी धावत दुकानात येऊन तुम्हांला घेऊन गेले. माय भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक, हात मांडीवर धरलेला. तुम्ही आत येता आणि खाली वाकता. मला वाटतं, आता मायला धरतील. तुम्ही चप्पल उचलता. उलटी करता, अंगठ्यानं दाबून बघता, आणि म्हणता, "चप्पलले काय व्हयनं? तुलेच चालता येत नही." मग टांगा बोलावता, दवाखान्यात नेता, सगळं रीतसर करता. पण ते वाक्य आधी. मला अजून ती फरशी दिसते, फुटलेली घागर दिसते, आणि बायकोआधी चप्पल तपासणारा माणूस दिसतो.

पुढे प्लास्टर निघेपर्यंत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मी थापल्या. "भाकर शे का नकाशा?" असं तुम्ही रोज विचारायचात आणि रोज तीन खायचात. माय कोपऱ्यात बसून हसायची. मला हसू येत नव्हतं. मी एका वाक्याची वाट बघत होते: तळ गुळगुळीत झाला होता, चूक माझी. बस. एवढंच. त्यासाठी कुणाच्या पाया पडायचं नव्हतं, पाटी उतरवायची नव्हती. प्लास्टर निघालं त्या दिवशी तुम्ही त्याच चपला मायपुढे आणून टाकल्यात आणि म्हणालात, "घाल. आते पडनी ते तुनी चूक." मायनं निमूट घातल्या. त्यांच्या तळाला बारीक बारीक चिरा गेलेल्या मी पाहिल्या. रबर वाळून तडकलंय तरी नवी चप्पल घेऊन देत नाही हा माणूस, असं मला वाटलं, आणि त्या दिवसापासून तुम्ही माझ्या मनातून उतरलात ते उतरलातच. तुम्ही गेलात तेव्हाही मी रडले ते माय रडत होती म्हणून. जळगावच्या हॉस्टेलवर, नंतर लग्न ठरताना नवऱ्याला, इथे आल्यावर शेजारणींना, ज्याला त्याला मी या तडकलेल्या चपलांची गोष्ट सांगत आले. रंगवून सांगते. ऐकणारे हळहळतात.

आता बर्फाचं सांगते, तुमच्या धंद्यातलंच आहे. इथे गाडी घेतली तेव्हा तिच्या टायरांवर छापलेलंच होतं, ऑल सीझन. म्हणजे तुमचं बारमाही, फक्त पेंटर साहेब. वाचून मला हसू आलं, तरी गाडी घेतली. बर्फात हा टायर सुरुवातीला अगदी गुणी मुलासारखा वागतो. सपाट रस्त्यावर निघतो, वळतो, आपल्याला वाटतं उगाच लोक घाबरवतात. फसवणूक उघडी पडते थांबताना. थंडीनं रबर जुन्या खोडरबरासारखं ताठ झालेलं असतं, रस्ता धरतच नाही. नक्षीच्या खाचांत बर्फ दाबून बसतो. आपल्याकडे काळ्या मातीच्या चिखलात खाचा भरल्या की चाक जसं गुळगुळीत होतं, तसंच. उतारावर पुढे लाल दिवा होता, मी ब्रेक दाबला, चाकं थांबली आणि गाडी चालत राहिली. जोरातही नाही. सावकाश, माझा काही संबंध नसल्यासारखी. मागच्या सीटवर माझा लेक म्हणत होता, "आई, थांब ना." मी थांबलेलेच होते, आबा. पाय ब्रेकवर पुरा दाबलेला होता. गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली म्हणून वाचलो. दोन हात पुढे विजेचा खांब होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो आधी लेकाला जवळ घेईल असं मला वाटलं. तो खाली जाऊन टायर बघून आला आणि म्हणाला, "टायर तर ऑल सीझन आहेत. हळू चालवायचं ना." मी एवढे समुद्र ओलांडून आले ते हे वाक्य मराठीत ऐकायला! त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही, तुमच्याशी भांडत बसले.

दुसऱ्या दिवशी एकटी टायरच्या दुकानात गेले. तोच वास, आबा. गरम रबर, ग्रीस, चहाऐवजी कॉफी. मालक तुमच्याच बांध्याचा, पोटावर तेलाचे डाग. तो म्हणाला, हे टायर तीन ऋतूंचे, चौथ्याला नाव तेवढं दिलंय. निदान बोलला तरी. मग त्यानं हिवाळ्याचा टायर काढला आणि अंगठ्यानं दाबून दाखवला. रबर मऊ, दबलं, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसाएवढ्या बारीक चिरा होत्या त्यांनी तोंडं उघडली. या चिरा रस्ता चिमटीत धरतात, तो म्हणाला. ओल्यातही, बर्फातही. चिरा आडव्या होत्या, नागमोडी, एकीला दुसरी समांतर. मी बघतच राहिले. वाळून तडकलेलं रबर असं ओळीत तडकत नाही.

घरी येऊन जळगावला भावाकडे फोन लावला. तिकडे पहाट झाली होती, माय उठलेलीच असते.

"माय, तुझ्या त्या टायरच्या चपलांना चिरा होत्या, त्या कशानं पडल्या?"

"पडतीन कशा? तुना आबानी पाड्यात. दाढीनी पत्ती लिसन."

"कधी?"

"मना हात मोडना ना, तवय. दुकानमा बठीसन पाडेत. किती पत्त्या मोडन्यात, अंगठा कापी लिधा."

अंगठा! तुमच्या अंगठ्याला तेव्हा चिंधी होती. भाकरी मोडताना तुम्ही तो वर धरायचात. टायरची तार लागली, असं सांगितलं होतंत.

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी इचारं?" माय म्हणाली. मग हसली. "त्यास्नी शपथ घालेल व्हती. गिऱ्हाईकले समजनं ते काय म्हणी? बारमाहीले चिरा पाडना पडन्यात!"

"आणि तू ऐकलंस?"

"नंतर पडनी नही ना मी," ती म्हणाली आणि भावाचा मुलगा उठलाय म्हणून फोन ठेवून गेली.

तुम्हांला वाटत असेल, आता ही डोळे पुसेल. नाही पुसत. मला आधी आला तो संताप. म्हणजे तुम्हांला माहीत होतं. चप्पल हातात घेऊन अंगठ्यानं दाबलीत तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तिला म्हणालात की चालता येत नाही. न कळणारा माणूस मूर्ख म्हणून सोडून देता येतो. तुम्ही तर जाणकार निघालात. पाटीसाठी बायकोला कच्ची ठरवलीत, चोरून चपला दुरुस्त केल्यात आणि परत देताना पुन्हा तिलाच दम भरलात. आणि त्या दोंडाईच्याच्या शेठच्या टायरला का नाही पाडल्यात चिरा? त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल. एक पाटी, तीही पेंटरनं वाकडी रंगवलेली, तिच्यासाठी केवढा हा उपद्व्याप! दोन शब्दांचं काम होतं, ते चुकवायला तुम्ही अंगठा कापून घेतलात. असला भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काल टायर बदलून घ्यायला गेले. चाकं चढवताना त्या मालकानं विचारलं, परवा चिरांकडे एवढं काय बघत होतात? मी सांगितलं, माझे वडील टायरचं काम करायचे, अशाच चिरा हातानं पाडायचे, ब्लेडनं. त्यानं पाना खाली ठेवला. हातानं? म्हणाला, मग त्यांना काम येत होतं.

मी हो म्हटलं, आबा. इंग्रजीत म्हटलं, तेव्हा फुगून जाऊ नका. अहिराणीत म्हणून बघितलं होतं, गाडीत, एकटी असताना. अजून निघत नाही तोंडातून.