सीताफळाचा अर्क आणि मामाची जीभ

६ ऑगस्ट, अमरावती

चावला! डाव्या अंगठ्याला. औषध घशात जायच्या आतच बोटात दात रोवून मोकळा. सर म्हणाले, "आचल, उंदीर नीट धरला की चावत नाही." सरांनी शेवटचा उंदीर कधी धरला होता, देव जाणे.

तीन पिंजरे. तिन्हींतल्या उंदरांच्या पोटात कॅन्सरच्या पेशी सोडलेल्या. एका पिंजऱ्याला सीताफळाच्या पानांचा अर्क, एकाला बाजारातलं औषध, एकाला नुसतं पाणी. रोज वजन, रोज पोटाचा घेर. याला पीएचडी म्हणतात.

९ ऑगस्ट

अर्कवाल्यांची पोटं पाणीवाल्यांपेक्षा कमी फुगलीत! खुशीत आईला फोन केला.

१२ ऑगस्ट

आईला फोन करायला नको होता. आज तिकडून तिचाच आला, तेल्हाऱ्याहून. "तुह्या औषधाचं सांगतलं मंडळात. बायांनी टाळ्या वाजवल्या!"

कोणतं औषध, आई?

"कॅन्सरचं! अजून कोणतं?"

गावातली सीताफळाची झाडं लोकांनी बोडकी केलीत म्हणे. शेजारचे भगवंतराव आधी पानं तोडणाऱ्यांवर ओरडले, मग स्वतःच पिशवी घेऊन आले. गुडघ्यासाठी. गुडघ्यासाठी!!

१४ ऑगस्ट

वजन. पोट. वजन. पोट. आज कोणी चावलं नाही.

१८ ऑगस्ट, अकोला

जठारपेठेत मामाकडे. खुशालमामा – आईचा थोरला भाऊ, भांड्यांचं दुकान, गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. उन्हाळ्यापासून जिभेच्या कडेला फोड आहे. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायचं सांगितलं, तर हे गेलेच नाहीत! आईनं काढा सांगितलाय ना.

मामी वैतागलेली. "रोज सकाळी पानाचा काढा पेते अन् दिवसभर संडासात बसते. दुकान मीच चालवून राहिली."

आतून मामा ओरडला, "रोग बाहीर निघून राहिला तो!"

मी म्हटलं, मामा, हे औषध नाही, तपासणं चाललंय अजून. काढा बंद करा. तर म्हणतो, "तुहे उंदरं बरे होऊन राहिले ना? मंग मामाले काहून नाई? मामापेक्षा उंदीर जवळचा काय वं तुले?"

हसले मी. मग जीभ बाहेर काढायला लावली. फोडाच्या कडा कडक, पांढरट. नंतर हसू आलं नाही.

२४ ऑगस्ट, अमरावती

मामा लॅबमध्ये! न सांगता. हातात झाकणाचा स्टीलचा डबा. "असली अर्क दे यात. काढ्यात दम नाई."

सरांना विचारलं. मला वाटलं हाकलतील. म्हणाले, "औषध देऊ नकोस. उंदीर दाखव." मामाला गाउन, टोपी, मास्क चढवला. लगेच, "दुर्गीले फोटो पाठव माहा!" दुर्गी म्हणजे आई.

मग पिंजऱ्यापाशी आला आणि वाकून पाहू लागला. अर्कवाला एक उंदीर कोपऱ्यात पडून होता, पोट टम्म.

"याले अर्क देल्ला?"

हो.

"मंग बरे कोणते झाले?"

"एकही नाही, मामा. पाणीवाल्यांपेक्षा थोडे दिवस जास्त जगतात. तेवढंच."

"अन् तू इतके वर्षं काय करून राहिली मंग?"

मामा वाकून पाहतच होता. हळू आवाजात – "याचं ऑपरेशन नाई करता येत काय?"

"नाही. पोटभर पसरलंय. कापायचं कुठे? तुमचा फोड एवढासा आहे, मामा. तुमचं करता येतं."

मामानं मास्क काढला. रिकामा डबा काखेत मारला. "अकोल्याची गाडी किती वाजता हाय?"

३१ ऑगस्ट

मामाच्या फोडाचा तुकडा काढला. दोन दिवस बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मामीचा फोन – "लग्न झाल्यापासून पयल्यांदा घर इतकं शांत हाय वं! अजून चार दिवस वाढवून मांगू काय डॉक्टरले?" मोठ्यांदा हसले, इकडे उंदीर दचकले.

आई रुसलीय. "माह्या काढ्यावर कोणाचाच इश्वास नाई."

५ सप्टेंबर

कॅन्सरच निघाला. जिभेच्या कडेपुरता आहे, निघेल म्हणतात. मंगळवारी ऑपरेशन. अजून काही महिने काढ्यावर घालवले असते तर जीभ गेली असती – डॉक्टर मामीला म्हणाले.

मामानं स्वतः फोन केला. शब्द जड येत होते. "दुर्गीले तू काही सांगू नको. मी सांगतो. नाईतर जन्मभर सोतालेच दोष देत बसन ते."

बरं म्हटलं. फोन दोघांनीही लगेच ठेवला नाही.