अप्पांचा फोन सापडला नाही

प्रिय अप्पा,

तुमच्या गाडीत बसून लिहितेय. अंबडला, आपल्या घरासमोर, स्टेअरिंगवर वही टेकवून. तुम्ही असता तर ओरडलाच असता, स्टेअरिंग म्हणजे काय टेबल आहे का! पण घरात बसून लिहायला घेतलं तर आई विचारणार, काय लिहितेस गं? आणि तिला ते सांगायचा धीर मला चार महिने झालेला नाही.

लिहायला बसले ती या समोरच्या स्क्रीनमुळे. गाडी चालू केली की ती आधी तुम्हाला शोधते. एक चक्र गोल गोल फिरतं आणि मग इंग्रजीत तेच वाक्य येतं: अप्पांचा फोन सापडला नाही. तुम्ही गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आईनं तुमचे कपडे वाटून टाकले. फोन तेवढा मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवलाय, रोज चार्ज करते. आणि ही गाडी घराबाहेर उभी राहून रोज शोधते. हिला कोण समजावणार?

शोरूममधल्या माणसानं मागेच सांगितलं होतं. ‘मॅडम, ॲपमध्ये मुख्य मालक म्हणून अजून वडलांचंच नाव आहे. ते काढल्याशिवाय तुमचं चढणार नाही. आणि काढलं की त्यांचं जुनं सगळं पुसलं जाईल. कुठं गेले, कुठं थांबले, सगळं.’ नाव बदलायची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपतेय. तरी मी आज-उद्या करत राहिले. का, ते सांगते. पण सरळ सांगता येत नाहीये अप्पा, जरा आडवळणानं येऊ द्या.

फोनला जोडता येईल अशीच गाडी घ्यायची, हा हट्ट माझा होता. पुण्यात बसून मला दिसायला पाहिजे, तुम्ही कुठं आहात ते! तुम्ही म्हणालात, ‘माय, तू माझ्यावर पाळत ठेवून राह्यली का?’ मी म्हणाले, हो. त्यावर तुम्ही हसला होतात, पण गाल जरा फुगलेच होते.

आणि ते गुण! पहिल्याच आठवड्यात ॲपनं तुमच्या ड्रायव्हिंगला शंभरपैकी एकसष्ट गुण दिले. काय तो संताप! ‘तीस वर्षं लाल गाडी चालवली मी जाफराबादच्या रोडला. एक कोंबडी मारली न्हाई. आन् हे मला एकसष्ट देऊन राह्यलं? बाजाराच्या दिवशी गावातून बस काढून दाखव म्हणावं याला!’ मग महिनाभर परीक्षेला बसल्यासारखी गाडी चालवून तुम्ही ब्याण्णव मिळवले आणि ते भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना दाखवत फिरलात. खोटं आहे का?

मे महिन्यात ताटावर बसल्याबसल्या डाव्या हातानं फोनवरून गाडीचा एसी चालू करायचात. आई कावायची, जेवताना कशाला ते खेळणं! तुम्ही म्हणायचात, ‘तिकडं गाडी थंड होऊन राह्यली, इकडं मी गरम भाकर खाऊन राह्यलो. बराबर टाइम जमतो.’ गाडी लावली की ॲपवर निरोप यायचा, प्रवास संपला. त्याचाही तुम्हाला राग. ‘संपला काय, संपला? गाडी लावली म्हणावं. असं अशुभ कशाला बोलायचं?’ घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हटलं तर दारातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावणारा माणूस तुम्ही!

डबल बेल मात्र आपल्या दोघांची होती.

फोनवरून हॉर्न वाजवता येतो हे कळल्यावर मला खेळच सापडला. जालना रोडला कौसाबाईंच्या हॉटेलासमोर तुमची गाडी तासभर उभी दिसली की मी पुण्यातल्या ऑफिसातून बटण दाबायची. दोनदा. कंडक्टर दोरी ओढून दोन घंट्या देतो तसं. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तुम्हीच शिकवलं होतं, मी पाच वर्षांची असताना, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवून. पीं पीं झालं की हॉटेलातली माणसं हसायची म्हणे, आणि तुम्ही हातातला कप अर्धा ठेवून उठायचात. ‘पोरीनं डबल दिली बाबा. आता थांबता येत न्हाई.’

आता ते लाल बटण.

छताला, दिव्याशेजारी. अडचणीत मदत बोलवायचं. तुम्हाला वाटलं, दिव्याचंच आहे. दाबलंत, आणि गाडीतून एक बाई बोलायला लागली, सर, आप ठीक हैं? आणि तुम्ही तिला म्हणालात, ‘मी बिलकुल ठीक हाय बाई, तुमचं कसं काय?’ ती बिचारी पुन्हापुन्हा विचारतेय, मदत पाठवू का, आणि तुम्ही तिला गाव विचारताय! तुम्ही हे फोनवर सांगितलंत तेव्हा मी पोट धरून हसले. आणि हसता हसता म्हणाले, ‘अप्पा, ते बटण मरायला टेकल्याशिवाय दाबायचं नसतं!’

म्हणाले ना मी असं? तुम्ही ओशाळलात. ‘उगंच त्या बाईला तरास दिला,’ म्हणालात. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भांडी घासताना, जेवताना, मीटिंगमध्ये, कुठंही आठवतं आणि मी उठून उभी राहते. जाऊ कुठं, ते मात्र कळत नाही.

त्या दिवशी थंडी होती. तुम्ही जालन्याला निघाला होतात, तुमच्या जुन्या कंडक्टरच्या मुलीच्या साखरपुड्याला. अकरा दहाला माझ्या फोनवर निरोप आला, प्रवास संपला. नकाशावर पाहिलं तर कौसाबाईंच्या हॉटेलाशी. मनात म्हटलं, बसले चहाला! मग दुसरा निरोप. गाडीचे दोन्ही बाजूचे इंडिकेटर चालू राहिले आहेत. आणि मी हसले, अप्पा. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला फोन दाखवून म्हणाले, बघ, तीस वर्षं बस चालवली आणि दिवे बंद करायला विसरले.

अकरा पस्तीसला मीटिंग संपली. दिवे चालूच. मी बटण दाबलं. पीं पीं.

बारा वाजून गेल्यावर अंबडच्या दवाखान्यातून फोन आला. रस्त्यावरच्या माणसांनी जीपमधून आणलं होतं, पण पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

दोन्ही इंडिकेटर म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं का? तुम्हीच सांगायचात. रस्त्यात बस बंद पडली की दोन्ही इंडिकेटर लावायचे, मागं झाडाचा फाटा टाकायचा आणि थांबायचं. मागून येणारा ड्रायव्हर थांबतोच. न थांबून सांगतो कुणाला! तुम्ही तेच केलंत. छातीत कळ आली, गाडी नीट बाजूला घेतलीत, हँडब्रेक ओढलात, दिवे लावलेत आणि मागून येणाऱ्याची वाट पाहत बसलात. मागून येणारी मी होते ना, अप्पा? मला पुण्यात दिसत होतं!

आणि तुम्ही तरी! हाताच्या अंतरावर बटण होतं. का दाबलं नाहीत? त्या बाईला त्रास नको म्हणून? का माझ्या त्या वाक्यामुळं? मरायला टेकलोय की नाही, याचा विचार करत बसला होतात का? राग येतो मला तुमचा. आधी तुमचा, मग माझा, मग परत तुमचा.

एवढ्यासाठीच मी तुमचं नाव काढत नव्हते. ॲपमधली त्या दिवसाची नोंद रोज उघडून बघते. अकरा दहा ते अकरा पस्तीस. पंचवीस मिनिटं. त्यात काही बदलणार आहे का? पण बघते. आणि वर तो हॉर्न! ज्याचा जीव चाललाय त्याच्या कानाशी मी दोनदा हॉर्न वाजवला. डबल दिली. चला म्हटलं. हे कुणाला सांगायचं होतं मी?

आज सकाळी मात्र राहवलं नाही. आईला भाजीला जाते सांगून गाडी काढली आणि नोंदीत दिसणाऱ्या त्या ठिपक्यावर नेऊन उभी केली. ठिपका हॉटेलापाशी नाहीच, अप्पा. अलीकडं, लिंबाच्या झाडाखाली आहे. नकाशा लहान करून पाहिला की दोन्ही एकच दिसतं. चालत हॉटेलात गेले. कौसाबाई भजी तळत होत्या. त्यांनी आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

‘डबलवाली पोरगी का तू?’ म्हणाल्या.

बाकड्यावर बसले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा सगळं बोलले. हॉर्न मीच वाजवला, हेही. त्या ऐकत राहिल्या. मग झारा खाली ठेवून म्हणाल्या, ‘बाई, गाडी आम्हाला दिसल्ती. दिवे बी दिसल्ते. वाटलं, फोनवर बोलून राह्यले असतील, येतील. मंग हॉर्न वाजला, दोनदा. सगळे हासले, पोरीनं डबल दिली म्हणून. पण डबल पडली की ते निघायचेच ना? गाडी जाग्यावरून हलली न्हाई. तवा माझ्या मनात चर्र झालं. म्हणलं, ह्यो माणूस डबल पडल्यावर थांबत न्हाई. पळत गेले. तू वाजवलं नसतं तं आम्ही बसूनच होतो.’

मी विचारलं, हॉर्ननं दचकले होते का हो ते?

‘न्हाई गं माय. डोळे उघडे होते. मी पाणी पाजलं, दोन घोट घेतले. हात धरला तं गार. तोवर आमच्या ह्यांनी जीप थांबवली. जीपमधी घालताना मला म्हणले, पोरीनं डबल दिली. येतो म्हणावं तिला.’

येतो म्हणावं.

पुन्हा विचारलं मी. जातो म्हणाले का येतो? कौसाबाई जरा रागावल्याच. ‘येतो म्हणले. मला काय ऐकू येत न्हाई का?’

मी तिथं खूप रडले, अप्पा. येणारी जाणारी माणसं बघत होती, बघू दे. पंचवीस मिनिटं आहेत तिथंच आहेत, ती कौसाबाईंनाही पुसता आली नाहीत. पण तुम्ही एकटे नव्हतात. पाणी मिळालं, हात मिळाला. आणि हॉर्न कुणाचा ते तुम्हाला कळलं होतं.

इथं वही बंद करून मी आत गेले होते. आईला सगळं सांगितलं. दिव्यांचं, बटणाचं, हॉर्नचं. वाटलं होतं, आता ही माझ्याकडं पाठ फिरवणार. तिनं मला जवळ बसवलं. मग म्हणाली, ‘त्यांना ऐकू आली ना डबल? मंग बास.’ आणि कपाट उघडून तुमचा फोन माझ्या हातात दिला.

तो घेऊन आत्ता परत गाडीत बसलेय. किल्ली फिरवली. चक्र फिरलं, आणि स्क्रीनवर आलं, अप्पांचा फोन सापडला. चार महिने शोधत होती बिचारी! खाली तुमच्या नंबरांची यादी उघडली. सगळ्यात वर ‘घर’, म्हणजे आई. त्याखाली ‘माय’, म्हणजे मी. थोडा वेळ नुसती बघत बसले. मग ॲपमधून तुमचं नाव काढलं. खात्री आहे का, असं विचारलं त्यानं. खात्री कुणाला असते? हो म्हटलं. त्या दिवसाची नोंदही गेली. आता ती रोज उघडून बघता येणार नाही.

अप्पा, एकच शब्द देते. या गाडीत मी असेन आणि रस्त्याकडेला कुणाचे दोन्ही इंडिकेटर लागलेले दिसले, तर मी थांबेन. कितीही घाई असली तरी. चहाला बसला असेल, दिवे विसरला असेल, फोनवर बोलत असेल, तरी काचेवर टकटक करून विचारेन. हसला तर हसू दे.

उद्या पहाटे गाडी घेऊन पुण्याला निघायचंय. आई दारात उभी राहील आणि तुमच्यासारखीच माझ्या तोंडाकडं बघेल, ही काय म्हणते म्हणून. काळजी करू नका. बरोबर तेच म्हणेन.

येते, अप्पा.

तुमची,
वैशाली
(तुमच्या फोनातली ‘माय’)