दादाने मारलेल्या पिना

३ फेब्रुवारी
डोंबिवलीहून पेटी आणली. वहिनींची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. दादाची लहानपणची कॉमिक्स रद्दीत घालायचा त्यांना धीर होईना. म्हणाल्या, "शुभा, तूच ने. त्यांनी तसं सांगूनच ठेवलेलं." कधी सांगितलं, हे विचारायला मला तोंड नाही. शीळफाट्याला टॅक्सी तासभर अडकली. घरी वर्तकनगरला पोचेपर्यंत पेटीवर पाय टेकवायचीही भीती वाटत होती.

४ फेब्रु.
उघडली. डांबरगोळ्यांचा वास. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पिना गंजलेल्या, हात लावला की विटकरी भुगा. मधली पानं पिनेपाशी सुटलीत. असंच ठेवलं तर दोन पावसाळ्यांत काही उरायचं नाही.

६ फेब्रु.
गाढवपणा केला. युनिफॉर्मवरचे गंजाचे डाग आई लिंबू-मिठाने काढायची, म्हणून तेच पानावर चोळलं. डाग फिका झाला, सोबत राजकन्येचं नाकही गेलं. वाळल्यावर पानाचा पापड. दादा "अतिशहाणी" म्हणाला असता. म्हणायला हवा होता.

९ फेब्रु.
खालच्या मजल्यावरचे देसाईकाका आयुष्यभर बाइंडिंग करायचे, त्यांना दाखवलं. पिन ओढायची नाही म्हणाले. मधलं पान उघडून, बोथट सुरीने तिचे पाय सरळ करायचे, मग बाहेरून अलगद उचलायची. कोरड्या ब्रशने भुगा झाडायचा, जुन्याच भोकांतून सुती दोरा. डाग राहणार. "राहू द्या की," म्हणाले.

१३ फेब्रु.
नऊ कॉमिक्स शिवून झाली. हात बसतोय.
बहुतेकांच्या शेवटच्या दोन पानांच्या कडेला भोकं आहेत. ती माझ्यामुळे. मी आधी शेवट वाचायची आणि चाळभर सांगत सुटायची. म्हणून दादा नवं कॉमिक आलं की शेवटची पानं पिन मारून बंद करायचा. सगळं वाचून त्याच्याकडे जायचं, तो गोष्टीतला एक प्रश्न विचारणार, उत्तर बरोबर आलं की स्वतःच्या हाताने पिन काढणार. आपण काढली तर आठवडाभर कॉमिक बंद. काय रुबाब होता मेल्याचा.
मेल्याचा लिहून गेले. तसंच राहू दे.

१७ फेब्रु.
आज काम नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात मी त्याला बोलले होते, "तुला आई फक्त फोटोपुरती हवी." तेव्हापासून पाच वर्षं अबोला. हॉस्पिटलमधून त्याचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते, हात ओले, म्हटलं उद्या करू. चार दिवसांनी वहिनींचा आला.
खोटं. भाजी वगैरे काही नव्हती. नाव बघून घेतला नाही.

२२ फेब्रु.
पेटीच्या तळाशी एक राहिलेलं. जहाजाची गोष्ट. पाठीवरच्या पिना इतरांसारख्याच गंजलेल्या. शेवटची दोन पानं मात्र बंद, आणि ती पिन चकचकीत. गंजाचा ठिपका नाही.
वहिनींना फोन केला. दिवाळीनंतर एका दुपारी त्याने पेटी काढायला लावलेली. स्टेपलरमध्ये पिना नव्हत्या, तर वहिनींना खाली दुकानात पिटाळलं. "मी म्हटलं, आता हे कशाला? तर म्हणाले, शुभी शेवट आधी वाचते."
फोन ठेवला आणि त्या पिनेवरून बोट फिरवलं.

२३ फेब्रु.
पान खिडकीच्या उजेडात धरलं. आत काळं काही दिसतं. छपाईच आहे की वर पेनाने काही लिहिलंय, कळत नाही. बोथट सुरी घेतली. पिनेच्या पायाखाली सरकवलीही. काढून ठेवली.

२८ फेब्रु.
वहिनी आज भाड्याच्या घरात गेल्या. सामान लावता लावता फोन, उघडलंस का? नाही म्हटलं. "पावसाळ्याच्या आत उघड गं. नाहीतर तीही गंजेल."
बाकी सगळी शिवून झाली. हे एकच टेबलावर. पहिल्या पानापासून त्या पिनेपर्यंत रोज वाचतेय. जहाजाचं नाव, खलाशांची नावं, कुठल्या खोलीत कोण लपलंय, सगळं पाठ.
दादा, विचार ना.